गादीवाल्याची बस

आमच्या बसबद्दल तुमच्या कानावर काय काय आलं असंल थे मले माहीत हाये. कारंज्यात कोनी म्हनते गादीवाल्यानं ट्रॅव्हल्स काढली, कोनी म्हनते जमशेदमियाँचं, म्हनजे माया नवऱ्याचं, डोक्स फिरलं. दोन्ही खोटं. म्हनजे डोक्स फिरलेलंच होतं, पन थे लगनाच्या आधीपासून. बसा त्या गादीवर, चहा येते. मी पयल्यापासून सांगतो, फक्त मधात बोलू नका, मायी लिंक तुटते.

आमी गादीवाले. कापूस पिंजाचा, गाद्या भराच्या, रजाया टाचाच्या, सासऱ्यापासून हेच काम. एकच पोरगी, जिकरा. तिले फार्मसी शिकाले पुन्याले धाडलं अन् तिथं तिले दानिश भेटला. पोरगा लाखात एक, त्याच्यात खोट काढाले जागा नाई. पन गाव कुठं? रत्नागिरीच्याबी खाली, पार समुद्राच्या काठावर, मोहरबंदर म्हनून. कारंज्याहून यष्ट्या बदलत बदलत तिथं पोचेलोक मानूस इसरून जाते का आपन कायले निंघालो होतो.

लगन इथंच कारंज्यात झालं, मायं तिकडं जानं झालंच नाई. दुसऱ्या साली फोन आला, "अम्मी, खुशखबर." मी इथंच, गिऱ्हाइकाच्या समोर, भोकाड पसरलं. गिऱ्हाईक बिचारं बिनागादीचं निंघून गेलं.

आता पयलं बाळंतपन माहेरी हा रिवाज त सगळ्याइचाच हाये. पन मायासाठी तो नुसता रिवाज नव्हता. मायं माहेर अनसिंग. जिकरा पोटात होती तवाच मायी माय मेली, अन् भावजयीनं दारातूनच सांगतलं, "इथं तुयं कोन करन बाई?" सासरीच बाळंत झाली मी. सासूनं वाईट वागवलं असं नाई, खोटं कायले बोलू? पन सासूवर चिडता येते का? पाठ मोडून आली तरी "बरं हाये" म्हनाचं, अन् भूक लागली तरी कोनी इचारेलोक बसाचं. तवाच ठरवलं होतं, मायी पोरगी आपल्या घरी बाळंत होईन. आपल्या मायच्या हातचं खाईन, अन् मनात येईन तेवढी चिडचिड करन.

म्हनून सातव्या महिन्यात म्या समधनीले, म्हनजे जिकराच्या सासूले, फोन लावला. समधन बोलाले मोठी गोड. म्हने, "अहो लतीफाबी, एवढ्या लांब कशी पाठवू? रस्ते बघितलेत का? पोरीची हाडं खिळखिळी होतील. इथेच होऊ दे."

म्या फोन ठेवला अन् जमशेदमियाँले सांगतलं. ते रजाई टाचून राह्यले होते. सुई तोंडात धरूनच म्हनाले, "रस्ता खराब असन त रस्त्यावर गादी टाकू."

मले वाटलं गंमत करून राह्यले. दुसऱ्या दिवशी मानूस मेडशीले गेला अन् भंगारवाल्याकडून इस्कूलबस घेऊन आला. पिवळीजर्द. बंद पडलेल्या कोन्या इंग्लिश मेडियमची होती. सीटा काढल्या, मधात पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, पान्याचा ड्रम, पडदे. इथपावतो ठीक होतं. पन गादीवाल्याचा हात थांबते का? भिंतीले गादी, छताले गादी, दाराले आतून गादी. गिअरच्या दांड्यालेबी टोपरं शिवलं. सगळी बस आतून टाके मारलेल्या रजाईसारखी. गल्लीतल्या बाया पाहाले येऊ लागल्या. एक म्हने, "लतीफा, यात मानसं बसवाचे का अंडे?"

तर ऐन लगनसराईत दुकान बंद करून आमी दोघं निंघालो. समृद्धीवर बस अशी पळाली का विचारू नका. घाटबी उतरला. खाली आल्यावर कळलं का हायवे जागोजागी खोदून ठेवेल हाये. जमशेदमियाँनं बस बाजूले घेतली, लोकाइले इचारलं, अन् येऊन म्हनाले, "इथून नाई आनाचं पोरीले. समुद्राच्या काठानं एक रस्ता जाते. लांब हाये पन गाड्या कमी. पन जिकराले ज्या रस्त्यानं आनाचं, तो आधी तपासाले पायजे."

"मंग तपासा."

"मी त चालवून राह्यलो. पलंगावर कोनीतरी लेटाले पायजे."

कोनीतरी म्हनजे कोन? बसमध्ये मी अन् एक पान्याचा ड्रम. बरं, नुसतं लेटून भागलं नाई. त्याइनं उशी आनली अन् ओढनीनं मायाच पोटाले बांधली. "वजन नको का? धक्का कुठं लागते थे कसं कळंल?" पन्नाशीच्या कोन्याच बाईले असा नवरा मिळू नये, अन् मिळालाच त त्याले लायसन मिळू नये.

हर्णैपासून मी आडवी झाली. आयुष्यात पयल्यांदा समुद्राजवळ गेली, अन् समुद्र नाई पाह्यला. पाह्यलं काय त छत. समोरून आवाज याचा, "लतीफा! समुद्रात किल्ला हाये! सुवर्णदुर्ग! अबे काय भिंती हायेत!"

मी उठाले लागली का वरडले, "उठू नको! चाचनी चालू हाये!"

"मले बी पाहू द्या ना!"

"येतानी पाहाय. धक्का बसला का आता?"

"बसला!"

"कुठं?"

"जिथं बसाचा तिथं!"

अन् मानूस बस थांबवून रस्त्यावर खडूनं फुली मारून ये. बैलगाडीनं आम्हाले मागं टाकलं, आईशपथ. दाभोळच्या खाडीले त मले चक्करच आली. इंजन बंद, बस उभी, अन् खिडकीतला डोंगर हळूहळू सरकून राह्यला. मले वाटलं झालं, मी वर चालली. कलमा सुरू केला. मंग जमशेदमियाँनं मागं तोंड करून सांगतलं, "घाबरू नको, बस नावेवर चढवली. मस्त रस्ता हाये, एकबी गड्डा नाई."

खाडी ओलांडली अन् खरा तमाशा तिथून सुरू झाला. एका फाट्यावर बाया उभ्या होत्या, दुपारची यष्टी आली नव्हती. त्याइनं पिवळी बस पाह्यली अन् हात केला. आता कारंज्यात कोनी हात केला त दुकानदार थांबतेच, ही आमची सवय. जमशेदमियाँ थांबले. दार उघडलं अन् मासळीच्या पाट्या घेऊन चार बाया आत. आत पलंग, पलंगावर मी, अन् मायावर उशी.

सगळ्यात पुढची बाई धिप्पाड होती, डोक्यात ही एवढी फुलं. ती पाहातच राह्यली. "अगो बाय माझे! ह्या वयात?"

म्या म्हनलं, "नाई वो, हे उशी—"

"लाजतेस कशाला गो? देवाने दिलंय." अन् जमशेदमियाँले इचारलं, "कितवा महिना?"

आमच्या मानसाचं ध्यान रस्त्यावर अन् डोक्यात रातदिन जिकरा. म्हनाले, "आठवा लागला."

झालं! बाईनं कपाळाले हात लावला अन् दुसऱ्या मिनिटाले मायाजवळ येऊन बसली. मायं डोकं मांडीवर घेतलं. एकीनं पाय दाबाले घेतले. तिसरीनं पिशवीतून हापूस काढला, सोलला, अन् मायाच तोंडात फोड. म्या दोन येळा तोंड उघडलं खरं काय थे सांगाले, अन् दोन्ही येळा त्यात आंबा आला.

तिसऱ्या येळेस म्या तोंड उघडलं थे आंब्यासाठीच. शरम वाटते सांगाले, पन सांगतो. जिकराच्या येळेस मायं डोकं कोनी असं मांडीवर घेतलं नव्हतं. ती बाई केसातून हात फिरवून राह्यली होती, मासळीचा वास येऊन राह्यला होता, अन् माया डोळ्याले धार लागली. बायाइले वाटलं कळा सुरू झाल्या. जमशेदमियाँले वाटलं गड्डा लागला.

त्या बाया उतरल्या, दुसऱ्या चढल्या. पन काठावरच्या गावाइत बातमी आमच्या बसच्या पुढं पळून राह्यली होती. बसपुढं पळाले काय लागत होतं म्हना, कासवबी पळालं असतं. जयगडच्या नावेवर एक अनोळखी म्हातारी शहाळं घेऊन आली, "हीच का ती विदर्भातली?" पूर्णगडाच्या खाली एकीनं कुळथाची पिठी आनून देल्ली. म्या जमशेदमियाँले म्हनलं, "आता सोडा ही उशी, लय झालं." त म्हने, "शेवटचा टप्पा राह्यला. अर्धवट चाचनी कोन्या कामाची?"

मोहरबंदरले पोचलो त समधनीच्या दारात अर्धं गाव उभं. समधन पायरीवर, पदर घट्ट गुंडाळून, चेहरा असा का तिच्या घरी मयत झाली. दानिश पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरून राह्यला होता. अन् मायी जिकरा, आठव्या महिन्याचं पोट घेऊन उभी, मायाकडं पाहून म्हने, "अम्मी... तू पन?"

म्या तिथंच ओढनी सोडली अन् उशी हानली जमशेदमियाँच्या टाळक्यात.

मंग समधन म्हनाली, "आधी ती उशी आत घ्या ओ, लोक बघतायत." अन् एवढं बोलून जी हसाले लागली, खालीच बसली. मले वाटलं, चला, बरं झालं. हसलेली समधन नाई म्हनत नसते.

पन समधन हसतहसतच नाई म्हनाली. "बस छान आहे हो. पण सून नाही पाठवायची."

दोन दिवस मी तिले मनवली. दोन दिवसाचे आठ झाले, त्याचं कारन कापूस. गादीवाल्याची अक्कल आमच्या हवेची, जिथं ओली चादर टाकली का वाळून पापड होते. तिथल्या हवेत पानीच पानी. भिंती, छत, दार, सगळ्या गाद्या त्या हवेनं भिजून अशा फुगल्या का दार लागंना. छताची गादी मधात लोंबाले लागली. ओल्या गादीवर गरोदर पोरीले कशी निजवनार? जमशेदमियाँनं सगळे टाके उसवले अन् कापूस उन्हात टाकला. समधनीचं आंगन पांढरं झालं. सकाळी वाळवावं अन् संध्याकाळी पुन्हा दमट. वरून गावातल्या लोकाइनं पाह्यलं का गादीवाला आलाय, त जो तो आपली जुनी गादी घेऊन हाजीर. मानूस परदेशात जाऊनबी दुकान लावून बसला.

तेवढ्यात जिकराच्या पायाले सूज दिसली. तालुक्याच्या डॉक्टरनीकडं नेलं. तिनं बीपी पाह्यलं, पुन्हा पाह्यलं, अन् साफ सांगतलं, "वाशिम जिल्ह्यापर्यंत प्रवास? अजिबात नाही. बाळंतपण इथंच करायचं."

समधनीसंगं भांडता येते. डॉक्टरनीसंगं काय भांडाचं? अन् पोरीच्या जिवापुढं मायी जिद कायची? म्या मान डोलावली. बसमध्ये येऊन पलंगाच्या नागड्या फळ्याइवर बसली अन् पोटभर रडली. जमशेदमियाँ आले, पाह्यलं, निंघून गेले. म्या मनात म्हनलं, जा, तुमाले काय त्याचं.

सकाळी ठोकठोक ऐकू आली. पाहातो त मानूस बसच्या खाली. जॅक लावेल, बाजूले जांभ्या दगडाची थप्पी.

"हे काय करून राह्यले?"

"चाकं काढून राह्यलो."

"काहून?"

"चाकं असली का गाडी. चाकं काढली का घर. पोरगी घरी येऊ शकत नाई, त घर पोरीकडं आलं."

"तुमचं डोक्स—"

"फिरलं हाये, माहीत हाये. तो पाना दे."

म्या पाना देल्ला नाई. म्या म्हनलं, "थांबा. सासरच्या आंगनात कायचं माहेर? सासू खिडकीतून भाजीत मीठ किती पडलं थे पाहीन. माहेर दुसऱ्याच्या जमिनीवर पायजे."

आंगनाले लागून दगडाचा गडगा, म्हनजे बुटकी भिंत, हाये, अन् गडग्यापलीकडं शेजाऱ्याची मोकळी जागा. मालक कुवेतले. दानिशनं त्याले व्हिडिओ लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बस पाह्यली, जमशेदमियाँले पाह्यलं, अन् म्हनाला, "नारळाखाली नका लावू, डोक्यात पडतील." झाली परवानगी. चाकं पुन्हा चढवली, बस पलीकडं नेली, चाकं पुन्हा काढली. गाद्या रोज वाळवून पुन्हा भरल्या. दाराशी म्या शेनानं सारवलं अन् आत बसाले घडवंची ठेवली.

समधन मात्र भडकली. "हा काय पोरखेळ लावलाय? डॉक्टरने सांगितलंय, पोरगी इथून हलणार नाही!"

जिकरा तिच्या घरात कधी वर मान करून बोलली नव्हती. थे त्या दिवशी बोलली, पन खालीच पाहून. "अम्मीजान, डॉक्टरनी प्रवासाला नको म्हटलंय. गडग्याच्या पलीकडं जाण्याला प्रवास कोण म्हणतं?"

समधन घुटमळली. पोरीकडं पाह्यलं, मंग मायाकडं पाह्यलं. मायं तोंड पडेल होतं, म्या लपवलं नाई. समधन आत गेली. मले वाटलं दार लावते आता. थे बाहेर आली त हातात डबा. घावने अन् चटनी. "सून माहेरी निघाली, वाटेत खायला नको?" अन् पदर डोळ्याले लावला. मंग मीबी रडली, जिकरा रडली, दानिश बॅग घेऊन गडग्यावर चढला अन् पलीकडं उतरेलोक तोबी रडला. जमशेदमियाँ एकटे दारात उभे राहून म्हनून राह्यले, "या या, लवकर पोचले, रस्त्यात तरास नाई ना झाला?"

कळा सुरू झाल्या तवा सगळ्याइच्या आधी जमशेदमियाँ धावत जाऊन स्टेअरिंगवर बसले. चाबी फिरवली, गिअर टाकला, पाय दाबला. मंग त्याइले आठवलं. दानिशनं शेजारच्याची रिक्षा आनली म्हनून बरं. नात झाली, दोघीबी सुखरूप. अल्लाची मेहेरबानी अन् डॉक्टरनीचा हात.

दवाखान्यातून जिकरा पोरीले घेऊन बसमध्येच आली. म्या शेकलं, मालिश केली, हालवा केला, डिंकाचे लाडू केले. समधन नातीले पाहाले येई त दारावर थाप मारून, "येऊ का?" इचारून, पावनीसारखी. मीबी तिले पावनीसारखाच चहा देत होती. तिचंच घर सोळा हातावर, अन् बाई माया घडवंचीवर गुडघे जुळवून अवघडून बसे.

एक दिवशी दुपारी ती अशीच बसली होती. नात नुकती झोपली होती. पलंगावरून जिकरा वरडली, "अम्मी! किती वेळची मागून राह्यली पानी! अन् हा लाडू कसला केला, दात पडन माया! पाठ दाब ना वं, दुखून राह्यली!"

मी उठून पानी देल्लं, लाडू बदलून देल्ला, पाठ दाबली. माया मनात अशा गुदगुल्या होऊन राह्यल्या होत्या का काय सांगू. आजूक दोन शिव्या देल्ल्या असत्या तरी चाललं असतं.

समधन पाहातच राह्यली. "ही अशी बोलते? माझ्या घरात तर हिचा आवाज कुणी ऐकलेला नाही."

म्या म्हनलं, "तिथं ती सून हाये."

समधनीची बशी हातात तशीच. मंग हळूच, जिकराले ऐकू जाऊ नये असं म्हनाली, "माझी आई गेली त्याला किती वर्षं झाली, आता मोजतही नाही. भावाने घर विकलं. कुणाकडे गेले तरी मी पाहुणीसारखी बसलेलीच असते ओ, लतीफाबी."

म्या तिच्या हातातली बशी घेतली. नव्यानं भरलेली गादी भिंतीशी गुंडाळून ठेवेल होती, ती खाली पसरली, थापटून सारखी केली अन् उशाले उशी ठेवली. समधननं एकडाव दाराकडं पाह्यलं, कोनी पाहून त नाई राह्यलं. मंग चपला काढल्या, आडवी झाली, अन् पाय पसरले.

"उशी उंच वाटते," थे म्हनाली.

"मंग वरडून सांगा ना," म्या म्हनलं.

"लतीफा!" समधन खरंच वरडली. "उशी बदल!"

म्या बदलली.